दांड्याचं मागचं टोक

सहाणेवर ढोल घुमत होता, पालखी ऐन रंगात आली होती, आणि आमचे हे नाचता नाचता मध्येच थांबले. थांबले म्हणजे काही ठरवून नव्हे. गिरकी अर्धी झाली, तोंड उघडं पडलं आणि डोळे असे झाले की मी हातातली नारळाची पिशवी तिथेच टाकून बायकांच्या घोळक्यातून पुढे धावले. दोघा-तिघांनी दांडा वरच्या वर झेलला. ह्यांना पाराच्या कडेला बसवलं, कुणी पाणी दिलं, कुणी टोपीने वारा घातला. पालखी मात्र नाचतच राहिली, कारण देवीचं कुणावाचून अडत नाही. घाम पुसत हे मला म्हणाले की सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून असं झालं. सकाळी पाच पुरणपोळ्या मीच वाढल्या होत्या, पण चारचौघांत ते काय बोलायचं!

आमचं तळेकोंड म्हणजे डोंगराच्या कुशीतलं छोटं गाव. शिमग्याला वाघजाईची पालखी सहाणेवर, म्हणजे पारासमोरच्या मोकळ्या जागेवर, येते, तिथे नाचते आणि मग घरोघर जाते. दांड्याची दोन टोकं, दोन घरांचा मान. पुढचं टोक थोरल्या मांडवकरांचं, म्हणजे आमचं. मागचं टोक धाकट्या मांडवकरांचं, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ जनार्दनभाऊजी, त्यांचं. माझे सासरे सत्तरी उलटली तरी पालखी अशी नाचवत की बघणाऱ्याचे पाय आपोआप हलायचे. ह्यांनी मुंबईला औषधाच्या कंपनीत भांडारात खुर्चीवर बसून नोकरी केली, पण शिमग्याची रजा कधी चुकवली नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही गावी येऊन राहिलो आणि तिथेच घात झाला. मुंबईत निदान गाडी पकडायला धावत होते. गावात सकाळी घावने, दुपारी भाताचा डोंगर, त्यावर झोप, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी. तीन वर्षांत माणूस असा फुगला की पायातली चप्पल दिसेना.

त्या दिवशी दुपारी गावकर, म्हणजे गावचे प्रमुख, भिकाजीदादा घरी आले. भला माणूस, उगाच बोलणारा नव्हे. चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलले, आणि मग बशीकडे बघत म्हणाले, "मुकुंदा, खांदा नुसता मानाचा असून चालत नाही, जोराचा पण लागतो. पुढच्या शिमग्याला सहाणेपासून शेवटच्या घरापर्यंत तू नाचवलीस तर प्रश्नच नाही. नाहीतर पुढचं टोकही जनार्दनाकडे जाईल. आणि एकदा गेलेला मान परत येत नाही, हे तुला मी सांगायला नको."

आमचा मुलगा मस्कतला, त्याला शिमग्याला रजा मिळायची नाही. नातू अजून दुधाच्या दातांचा. मधली काही वर्षं हा खांदा ह्यांनीच टिकवायला हवा होता. भिकाजीदादा गेल्यावर हे बराच वेळ वडिलांच्या फोटोकडे बघत बसले. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. अडतीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा मला खरी भीती वाटली.

जनार्दनभाऊजी दुसऱ्या दिवशी समाचाराला आले. सडसडीत अंगाचे, शेतात राबणारे, आणि जीभ कोयत्यासारखी. ते म्हणाले, दादा, पुढच्या वर्षी तुम्ही नारळ वाढवा, नाचायचं आम्ही बघून घेऊ. हे हसले, पण कान लाल झाले होते.

तालुक्याच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि साखर, वजन, रक्तदाब सगळंच वर निघालं. कमी खा आणि रोज चाला, असं त्यांनी सांगितलं. आता कमी खा म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे उपास. घरी आल्या आल्या ह्यांनी देवीपुढे हात जोडून बोलूनच टाकलं की पुढच्या शिमग्यापर्यंत सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि वर दोन्ही एकादश्या. मलाही वाटलं, वा, माणूस सुधारला. मी पदर खोचून कामाला लागले. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात आणि त्यावर दाण्याची आमटी, तुपातली बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, मधल्या वेळी राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी साबुदाण्याचे वडे आणि गोड दही. उपास सोडताना गोडाधोडाचं हवंच, म्हणून कधी शिरा तर कधी खीर. मीही सोबतीला उपास करत होते. नवरा एकटा उपाशी आणि आपण भात-आमटी ओरपतोय, हे बरं दिसतं का?

दीड-दोन महिन्यांनी पुन्हा दवाखान्यात गेलो. वजनकाट्यावर उभं राहताना ह्यांचा चेहरा परीक्षेत पहिला येणाऱ्या मुलासारखा होता. काटा वर गेला. रक्ताचा कागद आला तर साखरही वर गेलेली. डॉक्टरबाई गोंधळल्या आणि त्यांनी विचारलं की खाता काय ते सांगा. ह्यांनी वारांसकट सगळं सांगितलं, मोठ्या अभिमानाने. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, देव नक्कीच खूश झाले असतील," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या साखरेला वार कळत नाही. साबुदाणा आणि बटाटा खाऊन कुणी बारीक होतं का? त्यापेक्षा नाचणीची एक भाकरी खा, अर्धं ताट पालेभाजी घ्या, उसळ खा, मासे खा. आणि काकू, हे सगळं करून कोण घालतं?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. तिथे एक रिक्षा उभी होती, ती मी फार लक्ष देऊन बघितली.

आता पंचाईत अशी की उपास देवीपुढे बोललेले. ते मोडायचे कसे? ह्यांनी हट्टच धरला. साखर गेली खड्ड्यात, म्हणाले, पण ज्या देवीला खांद्यावर घ्यायचं तिलाच दिलेला शब्द मोडू? मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी सरळ ह्यांना देवळात घेऊन गेले, शिवराम गुरवाकडे, कौल लावायला. आमच्याकडे लग्न ठरवायचं, विहीर खणायची, तर देवीला फुलांच्या कळ्या लावून विचारतात. उजवीकडची कळी पडली तर देवीचा होकार. भाकरी खाऊ का म्हणून विचारायला आलेले आम्ही पहिलेच. शिवराम गुरवाला हसू आवरेना, पण त्याने रीतीप्रमाणे कळ्या लावल्या आणि विचारलं की माये, तुझ्या लेकराने उपास सोडून नाचणीची भाकरी खाल्ली तर तुझा राग नाही ना? शब्द संपायच्या आत उजवी कळी टपकन पडली. देवीसुद्धा आमच्या साबुदाण्याला कंटाळली होती, असं मला वाटलं.

मग घरातलं ताट बदललं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, शेवग्याच्या पाल्याची भाजी, पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू, बांगडा तळायच्या ऐवजी तिरफळं घालून सार. ह्यात सगळ्यांत कठीण काय गेलं असेल तर खोबरं. कोकणातल्या बाईला नारळ हात राखून घाल म्हणणं म्हणजे गाणाऱ्याला तोंड मिटून गा म्हणण्यातला प्रकार. पहिले काही दिवस हे जेवताना ताटाकडे असे बघायचे की जणू कुणा दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलेत. भात वाढताना वाटीभर झाला की मी हात मागे घ्यायची आणि हे डोळ्यांनी खुणावायचे, अजून थोडा. मी बघितलंच नाही असं करायची. दोन वेगळे स्वयंपाक करायला मी काही खानावळ उघडली नव्हती, म्हणून जे त्यांना तेच मला.

चालण्याचं मात्र काही खरं दिसेना. पहाटे उजाडलं की मी ह्यांना हुसकून बाहेर काढायची आणि हे तासाभराने टवटवीत होऊन परत यायचे. इतके टवटवीत की मला संशय आला. एके दिवशी मागोमाग गेले. देवळापर्यंतही नाही, वाटेवरच्या टपरीवर हे बाकड्यावर बसलेले, पुढ्यात बटाटावडा आणि टपरीवाल्या मंगेशशी राजकारण. मला बघून वडा अर्धा तोंडात, अर्धा हातात. दुसऱ्या दिवसापासून ह्यांच्याबरोबर राखणीला जायला लागले.

गावामागून घाटी चढते ती थेट वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर. माझे गुडघे तेव्हा दारासारखे कुरकुरत. वाटेत जेवढे म्हणून दगड होते तेवढ्यांवर मी बसले असेन. हे पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून थांबायचे आणि म्हणायचे, राखणदारालाच राखायची वेळ आली. मला राग यायचा आणि मी रागाने चार पावलं जास्त चढायची. पाऊस लागला तरी इरली घेऊन जात होतो. लोक म्हणायचे, मांडवकरांना म्हातारपणी वेड लागलं. मी म्हणायची, लागू दे, आमचं आम्हाला लागलंय, तुमच्या घरचं नेलं नाही. श्रावण सरता सरता एके दिवशी आम्ही सड्यावर पोचलो. खाली खाडी चकाकत होती, सगळीकडे रानफुलं, आणि हे एकदम म्हणाले की अगं, आज तू कुठेच बसली नाहीस. मी म्हटलं, तुम्ही टपरीकडे पळाल म्हणून लक्ष ठेवून होते.

पण चालणं वेगळं आणि पालखी वेगळी. पालखी खांद्यावर घेऊन वाकायचं, उठायचं, गिरकी घ्यायची, आणि दोन टोकांचा ताल एक राहायला हवा. गणपती झाल्यावर ह्यांनी एक जाड बांबू तोडून आणला, मधोमध भाताच्या दोन गोणी बांधल्या आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, आणून ठेवल्या. पुढचं टोक ह्यांचं. मागे कोण? जनार्दनभाऊजींना विचारलं तर ते म्हणाले की मला सराव कशाला हवा, मी काय खुर्चीत बसून वाढलोय? शेजारपाजारचे हसून निघून गेले. हे बांबूकडे बघत उभे राहिले. माझं तांदूळ निवडणं चाललं होतं. सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, जुना टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला आणि मागे जाऊन उभी राहिले. माझी उंची कमी, त्यामुळे बांबू तिरका झाला आणि गोणी माझ्याकडे घसरल्या. पहिल्या दिवशी आम्ही दोघं आणि दोन्ही गोणी खळ्यात आडव्या झालो. हसून हसून पोटात दुखलं. कितीतरी वर्षांत आम्ही असे हसलो नव्हतो.

मी सुरुवात नेहमी उजव्या पायाने करायची आणि गाडी तिथेच अडायची. हे मागे न बघता म्हणायचे, डावा. मी पाय बदलायची. हे तोंडानेच ढोल वाजवायचे आणि आम्ही खळ्यात फेऱ्या मारायचो. रोज दिवेलागणीच्या आधी आमचा हा खेळ चालायचा आणि जनार्दनभाऊजी शेतावरून परतताना कुंपणाशी थांबून बघायचे. एकदा खवचटपणे म्हणाले, वहिनी, देवी पावली म्हणायची तुम्हाला. मला ते असं लागलं की त्या दिवशी मी दोन फेऱ्या जास्त मारल्या.

दिवाळीत गाडी घसरली. मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर आला, सोबत मिठाईचे डबे आणि मस्कतचा खजूर. डॉक्टरबाईंनी तपासून शाबासकी दिलेली, वजन उतरलेलं, त्यामुळे ह्यांना वाटलं की लढाई जिंकली. लेकराने आणलंय म्हणून खायचं, थंडी पडली म्हणून झोपायचं. मुलगा गेला तरी हे उठेनात. चालणं बंद, बांबू भिंतीला टेकलेला. मी एक दिवस बोलले, दोन दिवस बोलले. म्हणाले, आता जमतंय की, उगाच काय मागे लागतेस. तिसऱ्या दिवशी मी बांबू खळ्याच्या मध्यावर ओढत आणला, गोणी बांधल्या, मागचं टोक खांद्यावर घेतलं आणि उभी राहिले. पुढचं टोक जमिनीवर. हे ओट्यावर बसलेले. मी इकडे तिकडे बघितलं नाही. पाय भरून आले, पण उभीच. शेवटी हे उठले, पुढे गेले आणि टोक उचललं. त्यानंतर शिमग्यापर्यंत एक दिवस चुकला नाही.

या सगळ्यात माझी पोलकी सैल झाली होती. मी ती आतून टाके घालून घट्ट करून घेतली आणि कामाला लागले. त्याचा काही अर्थ लावायला वेळच नव्हता. माझं सगळं लक्ष ह्यांच्या कमरेकडे.

शिमगा आला. सहाणेवर ह्यांनी दांड्याला हात लावून नमस्कार केला आणि खांदा दिला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. हे वाकले, उठले, गिरकी घेतली, श्वास कुठे अडला नाही. माझ्या सासऱ्यांना ज्यांनी बघितलं होतं ते म्हातारे पुढे सरकून बघायला लागले. भिकाजीदादांनी मान डोलावली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी गुलाल गेला म्हणून पुसलं.

पालखी घरं घेत घेत दुपारी आमच्या खळ्यात आली. मानाचं घर, त्यामुळे अख्खा गाव खळ्याभोवती. पालखी नाचताना दांडा गरकन फिरतो, म्हणून सगळे पुरुष लांब गोल करून उभे होते. मी एकटी ओटीचं ताट घेऊन पुढे होते, नाच थांबला की देवीची ओटी भरायची म्हणून. ह्यांना आमच्या खळ्यात जोर चढला आणि ह्यांचं बघून जनार्दनभाऊजींनाही. सकाळपासून लोक ह्यांचंच कौतुक करत होते, ते त्यांना कुठेतरी बोचत असणार. त्यांनी गुडघ्यात असं खोल वाकून दाखवलं की बायकांनी तोंडाला पदर लावला. वाकले, आणि उठताना त्यांची कंबर धरली. मला समोर दिसत होतं. चेहरा पांढरा पडला, हात कमरेवर गेला आणि दांडा खांद्यावरून घसरला. पालखी जमिनीला टेकता कामा नये. कधीही नाही, कसंही नाही. गावाने ते कधी बघितलेलं नाही.

मी विचार केला असं म्हणाल तर खोटं ठरेल. धाडस केलं म्हणाल तर तेही नाही. मागचं टोक खाली येतंय एवढंच दिसलं आणि मी त्याच्याखाली होते. ताट कुठे पडलं, तांदूळ कुठे सांडले, काही कळलं नाही. दांडा खांद्यावर बसला तेव्हा टॉवेल नाही हे मात्र कळलं.

ढोल थांबला. सनई थांबली. गावात शिमग्याला एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आमच्या गावात बाईने पालखीला हात जोडायचे, ओटी भरायची, खांदा द्यायचा नाही. हे पुढे तोंड करून उभे होते, त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. पण दांडा मागे तिरका झाला होता. त्यांनी मान वळवली नाही. हळूच म्हणाले, "डावा."

मी पाय बदलला.

कडेला कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं हे रीतीला धरून नाही, कुणी म्हणालं कोणीतरी पटकन टोक घ्या. दोन तरणे पुढे आलेही. भिकाजीदादांनी हात वर करून त्यांना थांबवलं, पण पुढे काय करायचं ते त्यांनाही सुचत नव्हतं. तेव्हा खाली मातीत बसलेले जनार्दनभाऊजी, कंबर धरून, दात आवळून बोलले.

"ढोल का थांबवलात? वहिनींना येतं सगळं. मी रोज कुंपणावरून बघितलंय. माझ्यापेक्षा बरं येतं."

ढोलवाल्याने भिकाजीदादांकडे बघितलं. भिकाजीदादांनी देवीकडे बघितलं. मग मान हलवली.

काय सांगू तुम्हाला. ढोल वाजला आणि माझे पाय निघाले. साठीची मी, नातवाची आजी, गुडघ्यांच्या नावाने रडणारी, आणि अख्ख्या गावासमोर खळ्यात पालखी नाचवत होते. खाली वाकले आणि वर आले. गिरकी घेतली. ह्यांचा ताल माझ्या पायांत होता आणि माझा त्यांच्या. गुडघे कुठे कुरकुरले नाहीत, दम कुठे लागला नाही. कुणीतरी बाई ओरडली आणि मग सगळ्याच बायका ओरडायला लागल्या. मला माझ्या पायांचा एवढा आनंद झाला की मी रडत होते आणि हसतही होते. आयुष्यात मला नटण्यामुरडण्याचं कौतुक मिळालं, पुरणपोळीचं मिळालं, पण पायांचं कौतुक त्या दिवशी मीच माझं पहिल्यांदा केलं.

नाच थांबला. पालखी आमच्या ओट्यावर बसली. सगळे शिवराम गुरवाकडे बघायला लागले, कारण आता गाऱ्हाणं तो घालणार, आणि तो जे देवीपुढे बोलेल ते गावाचं म्हणणं ठरणार. त्याने नारळ हातात घेतला, डोळे मिटले. या घराच्या मुकुंदाने आणि जनार्दनाने सेवा केली ती गोड मानून घे, असं म्हणाला आणि अडखळला. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, तुमचं नाव काय?"

मला गावात सगळे मुकुंदाची म्हणत. शिवरामच्या हातून किती वेळा प्रसाद घेतला असेन, पण नावाची गरज कधी पडली नव्हती. मी म्हटलं, सुलोचना. तेही एवढ्या हळू की त्याला पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितलं. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला की महाराजा, या घरच्या सुलोचनेने तुला जमिनीला लागू दिलं नाही, तिची सेवा गोड मानून घे. मग भिकाजीदादांनी सुरुवात केली आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "होय महाराजा."

जनार्दनभाऊजींच्या कमरेला मी स्वतः गरम तेल लावून दिलं. पोटावर पालथे पडून ते म्हणाले की वहिनी, उद्यापासून मलाही तुमच्याबरोबर घाटी चढायला न्या. मी म्हटलं, बटाटावडा खाणार नसाल तर या. मान दोन्ही घरांचा होता तसाच राहिला. पुढच्या वर्षीपासून आमच्या खळ्यात बायकांनाही पाच फेऱ्या नाचवायला द्यायचं ठरलं, ते अजून चालू आहे. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. पण मला सांगायचं होतं ते हे नाही.

सांगायचं होतं ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचं. पालखी देवळात गेली होती, घर आवरलेलं नव्हतं, अंगभर गुलाल आणि खांदा काळानिळा. उजाडायला आलं तशी मी उठून बसले. हे कुशीवर वळून म्हणाले की झोप ग, आता कशाला, शिमगा झाला की.

खरंच होतं ते. शिमगा झाला होता, मान राहिला होता, ह्यांच्यासाठी जे करायचं ते करून झालं होतं. मला उठायचं काही कारण नव्हतं.

"तुम्ही झोपा," मी म्हटलं. "मी जाऊन येते."

पायात चपला घातल्या आणि एकटीच घाटीला लागले. वर्षभर मी ह्यांच्या मागे चालले होते आणि त्यांच्याकडे बघत चालले होते. त्या पहाटे मी पहिल्यांदाच आजूबाजूला बघितलं. पळस पेटला होता, कुठेतरी भारद्वाज घुमत होता, आणि माझा श्वास माझ्या मालकीचा असल्यासारखा शांत चालला होता. अर्ध्या घाटीत मागून हाक ऐकू आली. हे येत होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, धापा टाकत, थांब ग, थांब म्हणत.

मी थांबले नाही. थोडा वेग कमी केला, एवढंच.